गाडीवाल्यांचे प्रश्न : काचेवरचा पाऊस कॅमेऱ्याला दिसतो का?

जून लागला की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा नूरच बदलतो. मे महिन्यात सगळे एसी आणि बॅटरीबद्दल विचारत असतात आणि पहिली सर पडली रे पडली की वायपर, वायपर आणि वायपर. यावेळी रब्बर कुठलं घेऊ विचारणारे कमी आणि ऑटो वायपर, कॅमेरा, सेन्सर असलं विचारणारे जास्त आहेत, म्हणून हा अख्खा भाग त्यालाच देऊन टाकलाय. ठाणे आणि नवी मुंबईवाल्यांचे प्रश्न आधी घेतलेत, पुणेकरांनी रागावू नये, तुमचा नंबर पुढच्या अंकात.

प्रश्न : बीकेसीला जाऊन टेस्लाची मॉडेल वाय बघून आलो, घरात सगळ्यांना आवडली. पण आमचे भावोजी म्हणतात त्या गाडीला रेन सेन्सरच नाही, पाऊस आहे की नाही ते कॅमेरा बघून ठरवतो. एवढ्या महाग गाडीत साधा सेन्सर नाही हे काही पटत नाही. खरंय का? आणि आपल्या पावसात चालेल का ते?
– एक वाचक, कोलशेत, ठाणे

उत्तर : भावोजी बरोबर बोलतायत. टेस्लाने २०१६ च्या अखेरीपासूनच्या गाड्यांमधून वेगळा रेन सेन्सर काढून टाकला आणि ते काम पुढच्या कॅमेऱ्यांवर सोपवलं, त्या वेळी ज्यांनी गाड्या घेतल्या त्यांना ऑटो वायपर मिळायला वर्षभराहून जास्त थांबावं लागलं कारण सॉफ्टवेअरच तयार नव्हतं. नंतर न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे ढीगभर चित्रं दाखवून शिकवलेल्या प्रोग्रॅमवर, चालणारं व्हर्जन आलं, ते बरंच सुधारत गेलं, तरी कोरड्या काचेवर वायपर फिरतो आणि भुरभुर पावसात फिरत नाही ही परदेशातल्या मालकांची तक्रार काही पूर्ण थांबलेली नाही.

आता असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे भावोजींना पुढच्या वेळी तुम्हीच सांगाल. नेहमीचा रेन सेन्सर पाऊस 'बघत' नाही. आरशाच्या मागे काचेला आतून चिकटवलेली एक छोटी डबी असते, त्यातून डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश साधारण ४५ अंशाच्या कोनात काचेत सोडतात. काचेबाहेर नुसती हवा असेल तर ४२ अंशाच्या वरचा कुठलाही प्रकाश बाहेर न जाता पूर्ण परत फिरतो, म्हणून ४५ वाला सगळाच्या सगळा आत येतो आणि सेन्सर म्हणतो काच कोरडी. तिथे पाण्याचा थेंब बसला की ही मर्यादा ४२ वरून एकदम ६१-६२ अंशावर जाते, मग ४५ वाला प्रकाश थेंबातून बाहेर निसटतो, परत येणारा कमी पडतो, आणि किती कमी पडला त्यावर वायपरचा स्पीड ठरतो. बस एवढंच. दिवस असो रात्र असो, समोर ट्रक असो की डोंगर, त्याला फरक पडत नाही कारण उजेड त्याचा स्वतःचा आहे. कमतरता एकच, तो फक्त नाण्याएवढी जागा बघतो. त्या नाण्यावर थेंब पडला नाही तर बाकीची काच ओली असली तरी साहेब शांत.

कॅमेऱ्याची अडचण बरोबर उलटी. त्याला काचेचा मोठा तुकडा दिसतो पण त्याची नजर लांबवर लावलेली असते, कारण त्याचं मूळ काम पुढची गाडी, लेन, माणसं बघणं हे आहे. एक बोट डोळ्यापासून चार इंचावर धरा आणि समोरच्या टॉवरकडे बघा, टॉवर स्पष्ट आणि बोट म्हणजे नुसता धुरकट पट्टा. काचेवरचा थेंब कॅमेऱ्याला असाच दिसतो, वर तो थेंब असतो एक-दोन मिलिमीटरचा, भिंगाच्या तोंडापेक्षाही लहान, त्यामुळे मागचं चित्र झाकलंही जात नाही, जरासं विस्कटतं. म्हणजे कॅमेऱ्याने थेंब ओळखायचा नाहीये, चित्र कुठे आणि कसं बिघडलंय ते ओळखायचंय. आणि चित्र बिघडायला पाऊस एकटाच थोडी लागतो, समोरून येणारं संध्याकाळचं ऊन, धूळ, चिकट काच, आतून धरलेली वाफ, सगळ्यांनी ते बिघडतं. एक्सप्रेसवेवर भाताणच्या बोगद्यात शिरताना उजेड अचानक बदलतो तेव्हासुद्धा अशी सिस्टीम फसू शकते. रात्री बिनदिव्याच्या रस्त्यावर तर थेंबाला चमकायला उजेडच नसतो.

मग कंपन्या हे करतात कशाला? कॅमेरा तसाही बसवलेलाच असतो, एक भाग, एक वायर, एक जोडणी वाचते. शिवाय कॅमेऱ्याला पुढचा रस्ता ओला आहे, पुढच्या गाडीच्या चाकांमागे फवारा उडतोय हे दिसतं, जे सेन्सरच्या बापाला दिसणार नाही. काही ठिकाणी कॅमेऱ्यात काचेवर फोकस होणारा जास्तीचा भिंगाचा तुकडा घालून एकाच कॅमेऱ्याकडून लांबचं आणि जवळचं दोन्ही काम करून घ्यायचा मार्गही काढलाय, तो मला जास्त पटतो.

आपल्या पावसाचं म्हणाल तर जुलैमधल्या झोडपणाऱ्या पावसात कुठलीही सिस्टीम चालेल, तेव्हा काच धबधबा झालेली असते आणि ते आंधळ्यालाही कळेल. खरी परीक्षा भुरभुरीत, आणि पाऊस थांबल्यावर कंटेनरच्या मागे. माझं विचाराल तर ४५ अंशाची ती डबी इतकी स्वस्त आणि इतकी मुकाट काम करणारी आहे की ती काढण्यात शहाणपण नाही, कॅमेरा तिच्या जोडीला असावा. पण वायपरसाठी गाडी घेणं थांबवू नका, टेस्ट ड्राइव्ह मात्र पावसातच मागा, आणि संध्याकाळी सातनंतरची मागा.

प्रश्न : रोज सकाळी गाडी चालू केली की वायपर आपोआप दोन-तीनदा फिरतो, पाऊस नसतानाही, खरखर आवाज करत. सेन्सर गेला का?
– खारघर

उत्तर : सेन्सर गेला नाही, सोसायटीत गाडी पुसणारा माणूस येऊन गेला. ओल्या फडक्याने काच पुसतात, सेन्सरच्या जागेवर पाणी राहतं, तुम्ही किल्ली फिरवली की सेन्सर म्हणतो पाऊस. रात्री गाडी लावताना स्टिअरिंगजवळची वायपरची दांडी ऑटोवरून काढून बंद वर ठेवायची सवय लावा. खरखर मात्र गंभीर आहे, फडक्यातली माती काचेवर राहते आणि ब्लेड ती घासून काचेवर कमानी ओढतं, त्या ओरखड्यांतून रात्री समोरच्या हेडलाइटचा प्रकाश फाकतो आणि मग तुम्हालाही दिसत नाही आणि कॅमेऱ्यालाही.

प्रश्न : घोडबंदर रोडला डंपरमधून खडा उडून काच तडकली. क्लेममध्ये बाहेरच्या एका दुकानातून नवीन काच बसवली. तेव्हापासून ऑटो वायपर वेड्यासारखा वागतोय, कडक उन्हात फुल स्पीडला आणि पावसात गप्प. शिवाय लेनवाली वॉर्निंग कधी येते कधी नाही. दुकानदार म्हणतो काचेचा संबंध नाही. तुम्ही काय म्हणाल?
– कासारवडवली

उत्तर : संबंध काचेचाच आहे, फक्त दोन वेगवेगळे घोटाळे एकत्र झालेत.

वायपरचा आधी. सेन्सर आणि काच यांच्या मध्ये पारदर्शक सिलिकॉनचा जेल पॅड असतो. त्याचं काम एकच, मध्ये हवा राहू द्यायची नाही. काच बदलताना जुना पॅड ओढून काढून तोच परत दाबला की त्यात हवेचे बुडबुडे अडकतात, धूळ बसते, मग प्रकाश काचेत शिरायच्या आधीच त्या बुडबुड्यांवर आपटून भरकटतो. सेन्सरला वाटतं बाहेर काहीतरी आहे, म्हणून उन्हात वायपर. ऊन लागून पॅड तापला की बुडबुडा फुगतो, गार झाला की आकसतो, म्हणून तो कधी असा कधी तसा वागतो. तपासायला सोपं आहे, बाहेरून काचेजवळ तोंड नेऊन आरशाच्या मागच्या काळ्या पट्ट्यातल्या खिडकीत मोबाइलच्या टॉर्चने बघा, चंदेरी ठिपके किंवा माशाच्या खवल्यासारखं काही दिसलं तर पॅडच. नवा पॅड लावून घ्या, जुनाच धुऊन लावतो म्हटलं तर ऐकू नका. हेही बघा की नवीन काच सेन्सरवाल्या व्हेरियंटचीच आहे ना, साधी काच बसवून त्यावर जुगाड केलेला असला तर पॅड बदलूनही काही होणार नाही.

लेन वॉर्निंगचा मामला कॅमेऱ्याचा. काच बदलली की कॅमेरा त्याच जागी परत बसवला तरी कोन केसभर बदलतो, आणि इथला केसभर म्हणजे पन्नास मीटर पुढे कितीतरी. म्हणून काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर मोजून परत सरळ लावणं, करावं लागतं, काही गाड्यांत समोर ठरावीक अंतरावर नक्षीचा बोर्ड ठेवून, काहींत ठरलेल्या वेगाने रस्त्यावर चालवून. अधिकृत वर्कशॉपला जा आणि कॅलिब्रेशन झाल्याचा कागद मागा. ते होईपर्यंत लेनवालं फीचर बंदच ठेवा, घोडबंदरला मेट्रोच्या कामापायी तसेही लेनचे पट्टे कुठे धड आहेत.

प्रश्न : माझ्या डॅशकॅमच्या रेकॉर्डिंगमध्ये रात्री काचेवरचे थेंब एकदम हिऱ्यासारखे चमकताना दिसतात, मग त्याच्यावरून वायपर का नाही चालवता येत?
– ऐरोली

उत्तर : चमकतात ते समोरच्या हेडलाइटमुळे आणि रस्त्यावरच्या दिव्यांमुळे, ऐरोली पुलावर उजेड भरपूर म्हणून दिसतात. तिथून पुढे एखाद्या अंधाऱ्या गल्लीत शिरा आणि रेकॉर्डिंग बघा, थेंब गायब. दुसरं म्हणजे डॅशकॅमला फक्त करंट मिळतो, गाडीच्या वायपर कंट्रोलशी त्याचं काही बोलणं नसतं, आणि ते तुम्ही बाहेरून जोडू नये हेच बरं. एक मात्र बघून घ्या, डॅशकॅमचा स्टिकर किंवा फास्टॅग सेन्सरच्या खिडकीवर किंवा एडासच्या, म्हणजे लेन वॉर्निंगसारखी ड्रायव्हरला मदत करणाऱ्या सिस्टीमच्या, कॅमेऱ्यासमोर आलेला नाही ना. फास्टॅग आरशामागे मध्ये लावायचा असं सगळे सांगतात, आणि नेमका तिथेच कॅमेरा असतो, लोक डोळे झाकून त्याच्यावर चिकटवतात. थोडा बाजूला लावा, टोलवर वाचला जाईल.

प्रश्न : सर, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या ग्रुपने प्रोजेक्ट घेतलाय, कारमधल्या कॅमेऱ्याने काचेवरचा पाऊस ओळखणे. गाईड म्हणतात इंटरनेटवरून फोटो घ्या आणि मॉडेल ट्रेन करा. आम्ही केलं, लॅपटॉपवर रिझल्ट मस्त येतो पण मित्राच्या गाडीत लावलं की काहीच्या काही. कुठे चुकतंय?
– नेरुळ

उत्तर : अरे वा, हा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर.

पहिली गोष्ट, इंटरनेटवरचे फोटो कोणीतरी सुंदर दिसावेत म्हणून थेंबावर फोकस करून काढलेले असतात. गाडीतला कॅमेरा थेंबावर फोकस करत नाही. म्हणजे तुम्ही मॉडेलला एक गोष्ट शिकवताय आणि परीक्षा दुसऱ्याची घेताय. दोनच रस्ते आहेत, एकतर लांब फोकस असलेल्या कॅमेऱ्याचाच डेटा गोळा करा, नाहीतर काचेवर फोकस होणारा वेगळा कॅमेरा लावा. प्रोजेक्ट म्हणून दुसरा रस्ता सोपा. २०२३ मध्ये आलेला रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटर बोर्डचा कॅमेरा मॉड्यूल ३ ऑटोफोकसवाला आहे, साधा दहा सेंटीमीटरपर्यंत आणि वाइड पाच सेंटीमीटरपर्यंत जवळ फोकस होतो. ऑटो बंद करून फोकस काचेवर लॉक करा, नाहीतर पुढे बस आली की तो बसकडे धावेल.

दुसरी गोष्ट, एकाच फ्रेमवर निर्णय घेऊ नका. गाडी चालू असताना रस्ता, झाडं, बिल्डिंग सगळं चित्रात सरकत असतं आणि काचेवरचा थेंब जागचा हलत नाही, किंवा हळू हलतो. दोन-तीन सेकंदांच्या फ्रेम घेऊन प्रत्येक पिक्सेलचा मीडियन, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत, काढा, सरकणारं सगळं विरघळून जाईल आणि उरेल ते काचेवरचं. आता त्यात थेंब, पक्ष्याची शिट, धुळीचा डाग सगळंच असेल. त्याला उपाय वायपरच. वायपर फिरायच्या आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र यातला फरक घ्या, जे गेलं ते पाणी, जे तिथेच राहिलं तो डाग. चिखलाचा फवारा यात फसवेल कारण तो अर्धा जातो आणि अर्धा पसरतो, पण त्यावेळी वायपरच्या जोडीला पाणीही मारायला हवं, हे तुमचं मॉडेल सांगू शकलं तर परीक्षक खूश होतील.

तिसरी, लेबल, म्हणजे मॉडेलला शिकवताना प्रत्येक चित्राला जोडायचं बरोबर उत्तर. फोटो बघून 'पाऊस आहे, पाऊस नाही' असं हाताने लिहीत बसू नका. ड्रायव्हरने दांडी केव्हा दाबली ती वेळ नोंदवा. पाऊस किती यापेक्षा माणसाला दिसायचं केव्हा बंद झालं हे महत्त्वाचं, आणि ते दांडीच सांगते. पाम बीचला मोकळ्या रस्त्यावर माणूस लवकर पुसतो, तुर्भ्याच्या सिग्नलला उभा असताना आळस करतो, म्हणून सोबत वेगाचीही नोंद ठेवा.

चौथी, आणि लॅपटॉपवर रिझल्ट 'मस्त' यायचं कारण बहुतेक हेच. एकाच व्हिडिओच्या फ्रेम फोडून काही ट्रेनिंगला आणि काही टेस्टला टाकल्या असतील तर ते उत्तरपत्रिका दाखवून पेपर घेणं झालं, शेजारशेजारच्या फ्रेम जवळपास सारख्याच असतात. एक अख्खी फेरी ट्रेनिंगला, दुसऱ्या दिवसाची अख्खी फेरी टेस्टला. आकडा धाडकन खाली येईल, घाबरू नका, खरा आकडा तोच.

झाडांना पाणी मारायच्या स्प्रेने उभ्या गाडीवर थेंब मारून सुरुवात करायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका, वेगात वाऱ्याने थेंब लांबतात, काचेवरून वर चढतात, उभ्या गाडीत तसं काही होत नाही. रात्रीसाठी एक छोटा इन्फ्रारेड एलईडी तिरका लावून बघा, पण मग इन्फ्रारेड फिल्टर नसलेलं मॉड्यूल लागेल, ते 'नॉयर' नावाने मिळतं.

जुनं काम वाचायचं असेल तर नागोया विद्यापीठातल्या लोकांनी २००५ मध्ये गाडीतल्या कॅमेऱ्याने पाऊस ओळखायचा पेपर मांडला होता, चेहरे ओळखायला तेव्हा वापरायचे तीच पीसीएची, म्हणजे बऱ्याच चित्रांतून मोजके मुख्य नमुने काढायची, युक्ती त्यांनी थेंबांवर लावली. न्यूरल नेटवर्कच्या आधीचं आहे, म्हणूनच वाचा, थेंब कशामुळे थेंब दिसतो याचा विचार त्यात आहे. आणि डोक्याला एक खुराक, १९७० च्या सिट्रोएन एसएम गाडीत ना कॅमेरा होता ना इन्फ्रारेड, वायपरची मोटर किती करंट ओढते त्यावरून काच ओली की कोरडी ते ठरवायचे, कारण कोरड्या काचेवर ब्लेड जड जातं. तुमच्या कॅमेऱ्याच्या निकालाला मोटरच्या करंटची जोड दिली तर कोरडे फेरे पुष्कळ कमी होतील. मित्राच्या गाडीचं वायरिंग मात्र कापू नका रे, आधी नुसता एलईडी लावून दाखवा, मोटर भंगारातली घ्या.

प्रश्न : रोज उलव्याहून अटल सेतूवरून ऑफिसला जाते. पाऊस थांबलेला असतो तरी काच खालून धूसर होत जाते, ऑटो वायपर फिरतच नाही, हाताने फिरवला की साफ होते आणि मिनिटाभरात परत तेच. सर्व्हिस सेंटरला दोनदा दाखवलं, ते म्हणतात सेन्सर ओके.
– उलवे

उत्तर : ताई, सेन्सर खरंच ओके आहे. तुमची काच बाहेरून धरतेय. एसी १८-२० वर आणि हवा काचेच्या दिशेने सोडलेली, बाहेर खाडीवरची दमट हवा, गार काचेवर बाहेरच्या बाजूने दव जमतं, आणि ते खालून सुरू होतं कारण थंड हवा खालून काचेवर आपटते. सेन्सर बसलाय वर आरशापाशी, त्याला खबरच नाही. कॅमेरावाल्या गाडीतही हीच गत, कॅमेरासुद्धा वरच असतो. हवा काचेवरून काढून तोंडाकडे-पायाकडे वळवा, टेम्परेचर २४-२५ वर न्या, वायपर एकदा हाताने फिरवा, दोन मिनिटांत खेळ खलास. काच आतून धरत असेल तर मात्र उलटं करायचं, एसी चालू आणि हवा काचेवर. आतून की बाहेरून हे ओळखायला बोटाने आतून रेघ ओढून बघा, रेघ उमटली तर आतून.

प्रश्न : काचेवर पाणी न टिकणारं कोटिंग करून घेतलं, पाचपाखाडीत एकाने करून दिलं. आता ऑटो वायपर उशिरा फिरतो. कोटिंग काढू का?
– नौपाडा

उत्तर : काढू नका. कोटिंगमुळे पाणी पसरत नाही, गोल टपोरे थेंब होऊन घसरून जातं, त्यामुळे काचेला टेकलेली पाण्याची जागा कमी होते आणि सेन्सरला पाऊस कमी वाटतो. दांडीवरची सेन्सिटिव्हिटीची रिंग एक-दोन घर वर सरकवा. ब्लेड थडथड उडत असेल तर कोटिंग एकसारखं लागलेलं नाही, त्याच माणसाकडे जाऊन घासून परत करून घ्या, त्याचे पुन्हा पैसे देऊ नका.